तपकिरी ब्लॅकबर्ड

इंग्लंडातल्या बागांमध्ये सर्रास दिसणाऱ्या ब्लॅकबर्ड या पक्ष्याची मादी काळी नसते. ती तपकिरी असते, गळ्यापाशी जरा फिकट आणि ठिपकेदार. काळाकुळकुळीत रंग आणि पिवळीधमक चोच ही फक्त नराची मिरास. तरी 'तपकिरी ब्लॅकबर्ड' म्हणताना कुणा इंग्रजाची जीभ अडखळत नाही. उलट तिथला कावळा चोचीपासून नखांपर्यंत काळा आहे, पक्षी तर तो आहेच, पण त्याला ब्लॅकबर्ड कुणी म्हणत नाही. 'ब्लॅक' म्हणजे काळा आणि 'बर्ड' म्हणजे पक्षी, हे चोख पाठ असलेला मराठी विद्यार्थी या जोडशब्दापाशी आला की त्याच्या दोन्ही रकमा बरोबर आणि बेरीज चूक निघते. ही बेरीज का चुकते, हा पुढच्या पानांचा विषय आहे. इंग्रजीतले दोनच शब्द, तेही पहिल्या इयत्तेतले, एवढ्या विस्ताराने का घ्यायचे असा प्रश्न साहजिक आहे. त्याचे उत्तर असे की अवघड शब्दांपाशी आपण सावध असतो, कोश उघडतो. सोप्या शब्दांचा अर्थ आपल्याला ठाऊक आहे असे गृहीत धरतो आणि नेमके तिथे फसतो. माझे म्हणणे थोडक्यात इतकेच की शब्दाचा अर्थ त्याच्या संगतीने ठरतो. शेजारी कोणता शब्द आहे, जोर कुठे आहे, शतक कोणते आहे आणि बोलणारा कोण आहे, हे कळल्याशिवाय 'ब्लॅक'चा किंवा 'बर्ड'चा अर्थ सांगता येत नाही. कोशातली क्रमांक घातलेली यादी सोयीची असते, पण ती त्या संगतीची नुसती उरलेली खूण असते.

आधी जोराबद्दल. 'ब्लॅक'वर आघात देऊन दोन्ही शब्द एका दमात उच्चारले तर ती पक्ष्याची एक जात होते. दोन्ही शब्दांना आपापला आघात दिला, 'बर्ड'ला किंचित अधिक, तर कोणताही काळा पक्षी. लेनर्ड ब्लूमफिल्ड या अमेरिकन भाषाशास्त्रज्ञाने १९३३ साली 'लँग्वेज' या ग्रंथात हे उदाहरण वापरले आणि तेव्हापासून भाषाशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांतून ते हललेले नाही. आपल्या परंपरेला मात्र यात नवल वाटू नये. विशेषण आणि विशेष्य यांच्या समासाबद्दल पाणिनीचे जे सूत्र आहे, त्यावर लिहिताना काशिकावृत्तीने हाच भेद टिपला आहे. 'नीलोत्पल' हा समास करावा किंवा करू नये, 'निळे कमळ' हा अर्थ दोन्हीकडे टिकतो. 'कृष्णसर्प' मात्र नित्य समास आहे; ते सापाच्या एका जातीचे नाव आहे, आणि पदे सुटी करून 'काळा साप' म्हटले की जात हातची जाते, उरतो फक्त रंग. ब्लॅकबर्ड हा इंग्रजीतला कृष्णसर्प आहे. मराठीत तर याहून जवळचा नमुना आहे. काळवीट हा शब्द ऐकताना आपण रंगाचा विचार करत नाही, कळपातल्या माद्या आणि पाडसे भुऱ्या रंगाची असतात याचेही आपल्याला काही वाटत नाही. गंमत अशी की इंग्रजांनीही या प्राण्याला 'ब्लॅकबक' म्हणून नराच्याच रंगावरून नाव दिले. जातीचे नाव नराने मिळवायचे आणि मादीने ते चालवायचे, हा रिवाज दोन्ही भाषांत दिसतो.

आता 'बर्ड'. हा शब्द मुळात पक्ष्याचा नव्हेच. जुन्या इंग्रजीत त्याचे रूप 'ब्रिड' असे होते आणि अर्थ होता पिल्लू, घरट्यातले पाखरू. पक्षी या सर्वसामान्य अर्थाचा शब्द 'फुगोल' होता; जर्मनमध्ये तो 'फोगेल' म्हणून अजून राज्य करतो. इंग्रजीत मात्र पुढची काही शतके दोन्ही शब्दांनी जागांची अदलाबदल केली. 'ब्रिड'मधले 'र' आणि 'इ' आपसांत फिरले, 'बर्ड' झाला, पिल्लावरून लहान पक्ष्यावर आणि लहान पक्ष्यावरून सगळ्या पक्षिजातीवर पसरला. 'फुगोल'चा 'फाउल' झाला आणि आकसत आकसत खुराड्यात जाऊन बसला. आज त्याचा अर्थ कोंबडीबदकांपुरता उरला आहे. १६११च्या बायबल भाषांतरात आकाशातले पक्षी अजून 'फाउल' आहेत. १७५५ साली सॅम्युएल जॉन्सनने आपला कोश छापला तेव्हा ही अदलाबदल अर्ध्या वाटेवर होती. त्याने 'बर्ड' हा सर्व पिसेवाल्यांचा सामान्य शब्द म्हणून दिला, पण रोजच्या बोलण्यात मोठ्या पक्ष्यांना 'फाउल' आणि लहानांना 'बर्ड' म्हणतात अशी पुस्ती जोडली. कोशकाराने व्याख्या देऊन वर व्यवहाराचा असा निर्वाळा द्यावा, हे मला जॉन्सनच्या प्रसिद्ध खोडसाळ व्याख्यांहून मोलाचे वाटते.

या पुस्तीमुळे कावळ्याचे कोडे सुटते. ब्लॅकबर्ड हे नाव रुजले त्या पंधराव्या शतकाच्या सुमारास कावळा हा 'बर्ड' नव्हताच, तो 'फाउल' होता. लहान पक्ष्यांत ठळकपणे काळा आणि घराजवळ दिसणारा असा हाच, म्हणून तो ब्लॅकबर्ड. यावर आक्षेप घेता येतो, आणि तो घ्यायला हवा. या पक्ष्याला 'ऊझल' असे जुने स्वतंत्र नाव होते. मग नव्या नावाची गरजच काय होती? 'बर्ड'चा इतिहास या प्रश्नाचे उत्तर देत नाही. कावळ्याला ते नाव का मिळाले नाही एवढेच तो सांगतो, ऊझल का हरला ते सांगत नाही. अर्थात तो पुरता हरलाही नाही. डोंगराळ भागातला, छातीवर पांढरी चंद्रकोर असलेला त्याचा भाऊबंद अजून 'रिंग ऊझल' म्हणून ओळखला जातो. शब्दांच्या इतिहासात सगळे धागे जुळवून देणारी गोष्ट हाती आली की आधी संशय घ्यावा. अर्धवट जुळणारी गोष्ट बहुधा खरी असते.

पुढे हे नाव इंग्रजांबरोबर जहाजात चढले आणि जिथे उतरले तिथे त्याने नवे अर्थ धरले. अमेरिकेतले ब्लॅकबर्ड हे वेगळ्याच कुळातले पक्षी आहेत, त्यांतल्या एका प्रसिद्ध जातीच्या नराच्या खांद्यावर लाल पट्टा असतो. उलट अमेरिकन लोक ज्याला रॉबिन म्हणतात तो खरे तर युरोपातल्या ब्लॅकबर्डच्या प्रजातीतला. आपल्या सह्याद्रीतल्या कस्तूर पक्ष्याला इंग्रजीत 'इंडियन ब्लॅकबर्ड' म्हणतात. पश्चिम घाटाच्या उत्तर भागात आढळणाऱ्या त्याच्या उपजातीचा नर राखाडी तपकिरी असतो, काळी असते ती फक्त त्याची टोपी. म्हणजे नाव काळ्याचे, पक्षी इंग्लंडाबाहेरचा, आणि नरही धड काळा नाही. इथे 'ब्लॅक'ने रंग सांगणे सोडले आहे. तो आता फक्त नाते सांगतो. आमच्या गावच्या अमक्या पक्ष्यासारखा हा, एवढेच.

'बर्ड'च्या बाकीच्या करामतींवर या प्रस्तावनेत फार वेळ घालवत नाही. ब्रिटिश बोलीत 'बर्ड' म्हणजे तरुण मुलगी. मराठीत 'पाखरू' असेच वापरतात आणि दोन्हीकडे सुरात तीच थोडी लाडाची, थोडी टवाळखोर छटा आहे, त्यामुळे स्त्रियांना तो शब्द आवडत नाही हेही दोन्हीकडे सारखे. लंडनच्या बोलीत 'बर्ड करणे' म्हणजे तुरुंगात दिवस काढणे. त्याचा पक्ष्याशी संबंध अगदी दुरून येतो: पक्षी पकडण्याच्या चिकट लेपाला 'बर्डलाइम' म्हणतात, त्याचे यमक 'टाइम'शी, म्हणजे शिक्षेच्या मुदतीशी जुळते, आणि यमकातला दुसरा अर्धा भाग गाळून उरलेला बोलायचा अशी तिथल्या कामगारवस्तीची रीत आहे. पिंजऱ्यातला पक्षी म्हणजे कैदी, हे सहज सुचणारे स्पष्टीकरण इथे चुकीचे आहे, हे मुद्दाम नोंदवतो. कारण 'ब्लॅक'कडे वळताना असली सहज सुचणारी स्पष्टीकरणेच सगळ्यात जास्त आडवी येतात.

'ब्लॅक' या शब्दाचे मूळ जाळण्याशी जोडतात. लॅटिन आणि ग्रीकमध्ये धगधगणे, पेटणे या अर्थाची क्रियापदे याच धातूपासून आली; जर्मानिक भाषांत मात्र जळून उरले ते, म्हणजे कोळशाचा रंग, असा अर्थ ठरला. ज्वाळेपासून उजेडही निघतो आणि काजळीही, त्यामुळे जुन्या इंग्रजीत एक घोटाळा झाला. 'काळा' या अर्थाचा 'ब्लॅक' आणि 'फिकट, चकाकणारा' या अर्थाचा त्याच्या जवळच्या उच्चाराचा एक शब्द, यांची रूपे एकमेकांत अशी मिसळत की काही जुन्या लिखाणात नक्की कोणता शब्द आहे ते संदर्भाशिवाय कळत नाही. त्या दुसऱ्या शब्दाचे वंशज आज कपडे पांढरे करणाऱ्या 'ब्लीच'मध्ये आणि उजाड, उदास या अर्थाच्या 'ब्लीक'मध्ये जिवंत आहेत. शिवाय काळ्यासाठी रोजचा शब्द त्या काळी वेगळाच होता, जर्मन 'श्वार्त्स'चा सख्खा भाऊ. 'ब्लॅक'चा एक जुना अर्थ शाई असाही होता. स्वीडिश आणि डॅनिश भाषांत शाईचा शब्द अजून तोच आहे. आपली शाई फारसीतल्या काळ्या या अर्थाच्या 'सियाह'वरून आली, आणि तरी आपण लाल शाई, हिरवी शाई बिनदिक्कत म्हणतो. मूळ अर्थ हाच खरा अर्थ असे मानणाऱ्यांनी लाल शाईची बाटली समोर ठेवून विचार करावा. व्युत्पत्ती शब्द कुठून निघाला ते सांगते, आज तो कुठे राहतो हे सांगत नाही.

मग तो राहतो कुठे? धंद्याच्या हिशेबात 'ब्लॅकमध्ये असणे' म्हणजे नफ्यात असणे, कारण तोटा लाल शाईने लिहीत. मराठीत सिनेमाचे तिकीट 'ब्लॅकने' घेतले म्हणजे चढ्या भावाने, चोरून. इथे शेजारचा 'मार्केट' गळून पडला आणि त्याचा सगळा अर्थ एकट्या 'ब्लॅक'ने उचलला. 'ब्लॅक टी' हा एकीकडे पानांचा प्रकार आहे, ज्याला चिनी लोक लाल चहा म्हणतात, आणि दुसरीकडे बिनदुधाचा चहा, ज्याला आपण कोरा म्हणतो. विमानातला 'ब्लॅक बॉक्स' नारिंगी रंगाचा असतो, अवशेषांत सापडावा म्हणून. 'ब्लॅकमेल'मधला 'मेल' टपालाचा नव्हे. तो स्कॉटलंडकडचा खंडाचा, कराचा जुना शब्द आहे. इंग्लंड आणि स्कॉटलंडच्या सीमेवरचे पुंड शेतकऱ्यांकडून लूट न करण्याबद्दल जी वसुली करत ती ब्लॅकमेल. काही इंग्रज लेखकांनी मराठ्यांच्या चौथाईला हाच शब्द लावला. तेवढ्यापुरते त्यांचे शब्दज्ञान अचूक होते, बाकी न्यायबुद्धीबद्दल काही न बोललेले बरे. 'ब्लॅक फ्रायडे' या खरेदीच्या दिवसाचे नाव दुकानदार त्या दिवशी नफ्यात येतात म्हणून पडले, असे सगळीकडे छापून येते. खरे तर फिलाडेल्फियातल्या पोलिसांनी १९५० ते ६०च्या दशकांत त्या दिवशीच्या गर्दीला आणि वाहतुकीच्या खोळंब्याला वैतागून ते नाव वापरले. नफ्याची गोड गोष्ट व्यापाऱ्यांना सोयीची होती, ती १९८०च्या दशकात मागाहून चिकटवली गेली.

या सगळ्यावर एक गंभीर आक्षेप आहे आणि त्याला बगल देऊन पुढे जाता येणार नाही. प्रत्येक जोडशब्दाचा इतिहास निराळा असेल, पण सगळे मिळून एकाच दिशेला झुकतात त्याचे काय? ओसी डेव्हिस या अमेरिकन नट-नाटककाराने १९६७ साली इंग्रजी भाषा हीच आपली वैरीण आहे अशा मथळ्याचा लेख लिहिला. त्याने रॉजेच्या प्रसिद्ध थिसॉरसमधले शब्द मोजले. गोरेपणाचे १३४ प्रतिशब्द, त्यांतले ४४ उघड गौरवाचे. काळेपणाचे १२०, त्यांतले ६० स्पष्ट निंदेचे आणि गौरवाचा एकही नाही. मार्टिन ल्यूथर किंग यांनीही त्याच वर्षी आपल्या भाषणात ही यादी काढली. ज्या मुलाला स्वतःला 'ब्लॅक' म्हणतात त्याने या भाषेत विचार करायला शिकायचे म्हणजे स्वतःचा धिक्कार शिकणे, हा डेव्हिसचा मुद्दा. संगतीने अर्थ ठरतो या माझ्याच म्हणण्याने तो बळकट होतो: शतकानुशतके वाईट संगतीत राहिलेल्या शब्दाला त्या संगतीचा वास लागणारच.

याला दिले जाणारे ठरावीक उत्तर असे की रात्र, धूर, मरण यांच्यामुळे काळा रंग अशुभ ठरला, हे रूपक गुलामांच्या व्यापाराहून जुने आहे, त्यामुळे ते निर्दोष आहे. पहिला भाग खरा आहे. मराठीतही काळे फासणे, तोंड काळे करणे हे वाक्प्रचार युरोपीय वंशवादाची वाट पाहत थांबले नव्हते. पण निष्कर्ष मला मान्य नाही. जुने म्हणून निर्दोष, हा न्याय लावला तर आपल्याकडच्या लग्नाच्या जाहिरातींतला 'गोरी' हा शब्दही निर्दोष ठरेल. आणि उलट टोकाचे उत्तरही पटत नाही, की 'ब्लॅक' असलेला प्रत्येक शब्द दोषी धरून हद्दपार करावा. फळ्याला 'ब्लॅकबोर्ड' म्हणण्यात कुणाचाही अवमान नाही. भेद कुठे करायचा? माझ्या मते जिथे 'ब्लॅक'ला स्वतःचा काही आधार नाही, केवळ 'व्हाइट म्हणजे चांगले' याची उलट बाजू म्हणून तो उभा आहे, तिथे आक्षेप लागू पडतो. संगणकाच्या क्षेत्रातली 'ब्लॅकलिस्ट' आणि 'व्हाइटलिस्ट' ही जोडी नेमकी अशी आहे, आणि २०२०मध्ये लिनक्ससह अनेक प्रकल्पांनी नव्या लिखाणासाठी नाकारलेल्यांची आणि परवानगी असलेल्यांची यादी असे सरळ अर्थाचे शब्द घेतले. अर्थ उलट अधिक स्पष्टच झाला. मराठीने तर कधीच दाखवले आहे की ही जोडी उलटीही चालू शकते. आपल्या जुन्या गावरचनेत वस्तीची जागा ती पांढरी आणि कसायची जमीन ती काळी; शेतकऱ्याच्या तोंडी 'काळी आई' या शब्दांहून आदराचे शब्द थोडे असतील.

ब्लॅकबर्डही या वाईट संगतीतून सुटला नाही. १८६३ ते १९०४ या काळात पॅसिफिक बेटांवरून सुमारे ६२ हजार माणसे ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलंडच्या उसाच्या आणि कापसाच्या मळ्यांवर कामासाठी नेण्यात आली. त्यांतल्या अनेकांना फसवून किंवा पळवून जहाजात घातले होते. या धंद्याला 'ब्लॅकबर्डिंग' म्हणत. पकडलेली माणसे ती पाखरे. १८७२ साली ब्रिटिश संसदेला अपहरणाविरुद्ध खास कायदा करावा लागला. सगळेच पळवलेले नव्हते, काही जण करार करून आले आणि मुदत संपल्यावर पुन्हाही आले, असे अभ्यासक सांगतात आणि ते लक्षात ठेवलेच पाहिजे. पण मग हा शब्द सगळ्यांना सरसकट का चिकटला, याचे उत्तर आकड्यांत नाही, त्या शब्दाच्या हलकटपणात आहे: तो माणसांची गणना शिकारीत करतो. त्यानंतर सुमारे शंभर वर्षांनी, १९६८ साली, बीटल्सचे 'ब्लॅकबर्ड' हे गाणे आले. पॉल मॅकार्टनीने पुढे अनेकदा सांगितले की त्याच्या मनात अमेरिकेच्या दक्षिणेकडची ब्लॅक मुलगी होती, म्हणजे ब्रिटिश बोलीतली 'बर्ड'. यावर शंका घेणारे म्हणतात की ही मागाहून सुचलेली गोष्ट आहे, आणि ध्वनिमुद्रणात खऱ्याखुऱ्या पक्ष्याचा आवाजही घातलेला आहे. मला या वादात एक बाजू निवडण्याची गरज वाटत नाही. एकच शब्द एका आघाताने पक्षी होतो आणि दोन आघातांनी माणूस, आणि गाण्याच्या चालीत आघात ठरवणे श्रोत्याच्या हाती राहते.

शेवटी भाषांतराची अडचण, कारण मराठी वाचकाला ती पुढे पानोपानी भेटेल. १९६६ साली अमेरिकेतल्या नागरी हक्कांच्या चळवळीतल्या स्टोकली कार्मायकेलने 'ब्लॅक पॉवर'ची हाक दिली आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये ओकलंडला ब्लॅक पँथर पक्ष उभा राहिला. तोवर सभ्य मानला जाणारा शब्द 'नीग्रो' होता. त्याला मोठ्या लिपीतले आद्याक्षर मिळावे म्हणून ब्लॅक विचारवंत डु बॉइस यांनी वर्षानुवर्षे आग्रह धरला होता आणि 'न्यूयॉर्क टाइम्स'ने तो १९३०मध्ये मान्य केला. पुढच्या पिढीने तो सन्मानित शब्दच टाकून दिला आणि शिवीसारखा वापरला जाणारा 'ब्लॅक' अभिमानाने उचलला. जून २०२०मध्ये असोसिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेने या अर्थाच्या 'ब्लॅक'लाही मोठे आद्याक्षर दिले, रंगाच्या 'ब्लॅक'ला लहानच ठेवले. देवनागरीत लहानमोठी अक्षरे नाहीत, त्यामुळे हा भेद आपल्याकडे येता येताच नाहीसा होतो. 'कृष्णवर्णीय' हा वर्तमानपत्री पर्याय सौम्य आहे, आणि तोच त्याचा दोष आहे, कारण चळवळीने सौम्य शब्द नाकारूनच सुरुवात केली होती. १९७२ साली मुंबईत तरुण लेखक-कार्यकर्त्यांनी अमेरिकन पँथरवरून स्फूर्ती घेऊन संघटना काढली, तेव्हा त्यांनी 'पँथर' तसाच ठेवला आणि 'ब्लॅक'च्या जागी रंगाचा कोणताही शब्द न घेता 'दलित' हा शब्द ठेवला. रंगाचे नाते तिथे नव्हते, समाजातल्या स्थानाचे होते, आणि त्यांनी भाषांतर त्या स्थानाचे केले. उलट १९७९मध्ये पश्चिम लंडनमधल्या साउथॉलला आशियाई आणि आफ्रो-कॅरिबियन स्त्रियांनी मिळून 'साउथॉल ब्लॅक सिस्टर्स' स्थापन केली तेव्हा त्यांतल्या आशियाई स्त्रियांनीही 'ब्लॅक' हे नाव स्वतःला लावून घेतले. त्या काळच्या ब्रिटनमध्ये त्याचा अर्थ वंशभेद सोसणारे सगळे, असा होता. म्हणून या पुस्तकात रंगासाठी 'काळा' आणि स्वतःला त्या नावाने ओळखणाऱ्या समाजासाठी 'ब्लॅक' असे लिहिले आहे. 'नीग्रो' फक्त तो शब्द ज्या काळात आणि ज्यांच्या तोंडी होता तिथेच येईल. पक्ष्याला मात्र सगळीकडे ब्लॅकबर्डच म्हटले आहे, आणि सह्याद्रीतला असेल तर कस्तूर.